पालकांनी खालीच बसावे

भाऊसाहेबांनी त्या दिवशी जेवताना तोंड फक्त जेवायला उघडलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण तोंडाला लगाम घालणं त्यांच्या घराण्यातच नाही. घासागणिक एक मत, असा त्यांचा खाक्या. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसून दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं म्हटल्यावर माणसाने स्वतः बोलायचं तरी कुठे? घरीच ना?

विषय निघाला तो जिन्यातल्या भांडणावरून. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे आणि वरच्या मजल्यावर फरशांचं दुकान असलेले शेठ. कॉलेजात जाण्यात काही अर्थ आहे की नाही, यावर दोघांचं रोज जिन्यात वाजायचं. हेडमास्तर म्हणायचे, कॉलेज नाही तर माणूस नाही. शेठ म्हणायचे, "मी शाळा अर्ध्यात सोडली, आणि माझ्या दुकानात पदवीधर फरशा उचलतात." हेडमास्तर विचारायचे, "मग पोराला का घातलंत कॉलेजात?" त्यावर शेठ म्हणायचे, "लग्न जमायला नको का?" वाद तिथे थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू व्हायचा.

भाऊसाहेब हा सगळा प्रकार आवाज बदलून बदलून सांगत होते. बायको हसत होती. सासूबाई मात्र घास हातात धरून विचारात पडल्या होत्या.

"जावईबापू, हे शेठ कधी आत जाऊन आलेत का हो?"

"कुठे आत?"

"कॉलेजात."

"छे! त्यांचा काय संबंध?"

"मग आत काही नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?"

भाऊसाहेब पाणी प्यायले.

सासूबाई नुकत्याच आपलं घर आवरून मुलीकडे राहायला आल्या होत्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. शहरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलं जे पांढरे कोट घालतात, ते वर्षानुवर्षं ह्यांच्या मशीनवर शिवलेले. स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. "माझे कोट आत गेले," त्या म्हणाल्या, "मुलगी आत गेली, जावई तर आतूनच मिळाला. मी तेवढी फाटकापर्यंत. गठ्ठा वॉचमनच्या हातात द्यायचा आणि मागे फिरायचं. आता गुडघे जिना चढवतायत, तोवर एकदा वर्गात बसून बघायचंय. आत करतात तरी काय?"

"आई, आत काही नाही गं," बायको म्हणाली. "बाकं असतात आणि पंखे असतात. त्यातले पंखे चालत नाहीत."

"बाकं तर बाकं. बसून बघीन."

आता इथे कुठलाही शहाणा माणूस 'बघू हं पुढे कधीतरी' म्हणून मोकळा झाला असता. संसार या एका वाक्यावर चालतो. पण भाऊसाहेबांची छाती फुगली. "एवढंच ना आई? उद्याच नेतो. अहो, मी तिथला माजी विद्यार्थी! माझ्या नुसत्या शब्दावर फाटक उघडेल."

बायकोने कपाळाला हात लावला. ती त्या शब्दाबरोबर इतकी वर्षं संसार करत होती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाऊसाहेब सासूबाईंना घेऊन निघाले. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे काढले होते, चष्मा दोनदा पुसला होता आणि वाटेत एक कोरी वही विकत घेतली होती. वर्गात मोकळ्या हाताने कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं.

फाटकावरच्या वॉचमनने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणाकडे काम आहे?"

"काम असं नाही. यांना जरा वर्गात बसायचंय."

"कशाला?"

प्रश्न साधा होता, पण भाऊसाहेब अडखळले. "बघायला," ते म्हणाले.

"बघायला काय आहे आत?" वॉचमनने आपली वही पुढे ओढली. "इथे चारच रकाने आहेत. विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि माल. तुम्ही कशात बसता सांगा, मी लिहितो."

"मी माजी विद्यार्थी आहे."

"माजी म्हणजे आता नाही. बरोबर?"

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मालात बसवा हो मला. पूर्वी कोटांच्या वेळी मालातच लिहायचे." पण माल फाटकातच उतरवून घेतात, तो आत जायचं शिपाई बघतात, असं वॉचमनने समजावून सांगितलं. तसा भला माणूस. बोलता बोलता त्याने सासूबाईंना बसायला आपलं स्टूलही दिलं. फक्त ते फाटकाच्या बाहेर ठेवून दिलं.

बरीच गयावया केल्यावर चौकशीच्या खिडकीपर्यंत जायची परवानगी मिळाली. खिडकीच्या पलीकडे प्रवेशाचं काम बघणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. भाऊसाहेब स्वतः खिडकीवाले. अलीकडच्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती. आपण लोकांशी जसं बोलतो तसंच ही बाई आपल्याशी बोलतेय, हे पहिल्या वाक्यालाच त्यांच्या लक्षात आलं आणि मनाला फार लागलं.

"वर्गात फक्त विद्यार्थीच बसू शकतो," बाई म्हणाल्या. "आजींना प्रवेश घ्यायचाय का? मग शाळा पास झाल्याचा दाखला द्या."

"माझी चौथी झालीय," सासूबाई म्हणाल्या.

"मग नाही जमणार."

"पण मला परीक्षा द्यायची नाही हो. पदवीही नको. नुसतं ऐकायचंय."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "परीक्षा नको? पदवी नको? मग शिकून करणार काय?"

"काही नाही. शिकणार."

बाईंनी भाऊसाहेबांकडे अशा नजरेने पाहिलं, की घरी सगळं ठीक आहे ना? परीक्षा न देता शिकू मागणारं माणूस त्यांच्या उभ्या नोकरीत त्या खिडकीवर आलं नव्हतं. परीक्षा द्यायचीय पण शिकायचं नाही, असे मात्र रोज यायचे. त्यांच्यासाठी वेगळी रांग होती.

सासूबाई वही पिशवीत ठेवू लागल्या. ते भाऊसाहेबांना बघवेना. हे मात्र खरं. माणूस बढाईखोर होता, पण दगड नव्हता. "काहीतरी मार्ग काढा हो बाई," ते कळवळून म्हणाले.

बाई पेन्सिल गालावर टेकवून विचार करू लागल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुमच्याकडे आहे ना दाखला? तुम्हीच प्रवेश घ्या! संध्याकाळचे वर्ग असतात. तुम्ही विद्यार्थी झालात की आजी पालक. पालकांना आत सोडतात."

"मी? या वयात?"

"वयाची अट नाही. फक्त प्रत्येक विद्यार्थ्याला पालक लागतो, आणि तो वयाने मोठा असावा लागतो. तुमच्या बाबतीत तेच जरा अवघड होतं, पण तुम्ही सोबतच घेऊन आलायत."

भाऊसाहेबांना वाटलं, वा! याला म्हणतात डोकं. एकदा नाव घालायचं, सासूबाईंना आत बसवायचं, की झालं. संध्याकाळच्या वर्गांत व्यवस्थापनाच्या जागा भरल्या होत्या, संगणकाला तर लोक ताटकळत होते. मोकळं होतं ते भूगर्भशास्त्र. त्याला नोकरी नसते म्हणून कोणी फिरकत नाही, आणखी थोडे विद्यार्थी मिळाले नाहीत तर विषयच बंद होणार, असं बाईंनी सांगितलं. आपल्याला आत ओढण्यात त्यांना एवढा रस का, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण भाऊसाहेब भराभर सह्या करत सुटले. पालकाच्या जागी सासूबाईंनी शिलाईच्या टाक्यासारखी बारीक, सरळ सही केली.

"भूगर्भशास्त्र म्हणजे काय हो?" परतताना त्यांनी विचारलं.

"दगड," भाऊसाहेब म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. ती कोणी केली हे विचारू नये. भाऊसाहेबांनी तीन मजले चढताना चार जणांना फक्त 'कोणाला सांगू नका' एवढंच सांगितलं होतं.

हेडमास्तर धावत वर आले आणि त्यांनी भाऊसाहेबांना मिठीच मारली. "शाब्बास! याला म्हणतात ज्ञानाची तहान! आता असं करा, रोज पहाटे उठून माझ्याकडे या. मी पाठांतर घेतो." भाऊसाहेब म्हणाले, अहो, मला शिकायचं नाहीये, आईंना वर्ग बघायचाय. पण हेडमास्तरांनी ते विनयात जमा केलं आणि जाताना टेबलावर एक जाडजूड शब्दकोश ठेवून गेले.

शेठ मात्र दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात आडवे आले. "भाऊसाहेब, आपली इतक्या वर्षांची ओळख. सरळ विचारतो. दुकान कुठे टाकताय?"

"कसलं दुकान?"

"दगड शिकताय म्हणे कॉलेजात. उगाच कोणी दगड शिकतं का? फरशीच्या धंद्यात उतरायचं असेल तर तोंडावर सांगा. पाठीत खंजीर नको."

भाऊसाहेबांनी शपथा घेतल्या. शेठ म्हणाले, "बरं बरं," आणि त्या दिवसापासून त्यांना नमस्कार करणं बंद केलं. काही उपयोग नसताना माणूस संध्याकाळी उठून शिकायला जातो, यावर शेठचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर भाऊसाहेबांचाही नव्हता.

पहिल्या दिवशी दोघं कॉलेजात पोचले. वॉचमनने या वेळी सलाम केला आणि एकाला विद्यार्थ्यांत, एकाला पालकांत लिहिलं. सासूबाईंनी फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि क्षणभर उभ्या राहिल्या. "फरशी चांगली आहे हो," एवढंच म्हणाल्या. भाऊसाहेबांना वाटलं, लढाई जिंकली!

जिन्यापाशी शिपाई बसला होता. त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'पालकांनी खालीच बसावे.'

जिन्याच्या बाजूला एक खोली होती. तिच्यावर 'पालक कक्ष' असं लिहिलं होतं. आत एक लांब बाक, एक घड्याळ आणि मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. पालकांना आत सोडतात म्हणजे तिथपर्यंत. भाऊसाहेबांनी प्रवेशाच्या बाईंकडे धाव घेतली. बाई म्हणाल्या, "मी आत सोडतात म्हटलं, वर सोडतात असं म्हटलं का?" अशा उत्तराचा भाऊसाहेबांना राग यायला हवा होता, पण खिडकीवाला म्हणून मनातल्या मनात त्यांना दाद द्यावीशीच वाटली.

झालं ते असं झालं. ज्यांना वर्गात बसायचं होतं त्या सासूबाई खाली बाकावर, आणि ज्यांना तिथे काडीचाही रस नव्हता ते भाऊसाहेब वर वर्गात. वर्गात चार-पाच पोरं आणि शिकवायला एक तरुण सर. दिवसभर नोकरी करून आलेला माणूस, सरांचा मऊ आवाज, आणि जुन्या सवयीने न चालणारा पंखा. थर कसे साठतात हे सर सांगू लागले आणि भाऊसाहेबांच्या पापण्यांवर ते साठूही लागले. डुलकी मोडली तेव्हा सर फळा पुसत होते.

खाली सासूबाई वही उघडून तयार होत्या. "सांगा. काय शिकवलं?"

"ते आपलं... जमिनीखालचं."

"जमिनीखालचं काय?"

"दगड वगैरे."

"ते मला कालही माहीत होतं. आज काय सांगितलं?"

भाऊसाहेबांनी इकडचं तिकडचं सांगून वेळ मारून नेली. पण दोन-चार दिवसांत सासूबाईंच्या ध्यानात आलं, की रोज तेच दगड आणि तेच वगैरे चाललंय. तेव्हा त्या रस्त्यातच थांबल्या. "जावईबापू, तुमच्या गालावर बाकाचा वळ आहे. मी खाली बसते ती तुम्ही वर झोपावं म्हणून का?"

त्यानंतर त्यांनी पालकपण मनावर घेतलं. सही केलीय म्हणजे जबाबदारी आली, असा त्यांचा सरळ हिशेब. जेवण झालं की भाऊसाहेबांनी वही दाखवायची. अक्षर नीट नसेल तर पान पुन्हा लिहायचं. बायकोला हसून हसून पुरेवाट. एकदा तर भाऊसाहेब बातम्या बघत होते, आणि सासूबाईंनी येऊन दूरदर्शन संच बंद केला. इतकी वर्षं ज्या बाईने 'जावईबापू, आणखी थोडं घ्या ना' याशिवाय शब्द काढला नव्हता, ती आता 'अभ्यास झाला का?' म्हणून विचारत होती. तक्रार करायची तर कोणत्या खिडकीवर?

इकडे कार्यालयात वेगळंच शिजत होतं. भाऊसाहेबांचे वरिष्ठ त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते आणि हे त्या साहेबांना स्वतःलाच सारखं टोचायचं. जुना, पदवीधर कारकून पन्नाशीत पुन्हा कॉलेजात जातो, त्यातून पाण्याच्या खात्यात असून जमिनीखालचं शिकतो, म्हणजे डोळा नक्की कशावर आहे? आपल्या खुर्चीवर! साहेबांनी भाऊसाहेबांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस खिडकीत वाया जातोय. उद्यापासून संध्याकाळी गळतीची पाहणी तुम्ही करा."

म्हणजे वर्ग भरायच्या वेळेला भाऊसाहेब चपला हातात घेऊन शहरातले फुटलेले नळ बघत हिंडू लागले. वर्ग बुडायला लागले. मनातून ते खूशच झाले असते, पण एक गोष्ट त्यांना खात होती. ते नसले तरी सासूबाई रोज संध्याकाळी वही घेऊन कॉलेजात जायच्या. पालक म्हणून वॉचमनने आत सोडायचं, कक्षातल्या बाकावर बसायचं, वरून सरांचा आवाज आला तर ऐकायचा, आणि वर्ग सुटला की घरी यायचं. "सरांचा आवाज कधीकधी जिन्यावरून येतो," त्या सांगायच्या. "सगळा नाही येत. शेवटचे शब्द येतात." हे ऐकून भाऊसाहेबांचा घास तोंडातच फिरायला लागायचा.

आणि एके दिवशी कॉलेजातून घरी बोलावणं आलं. विद्यार्थ्याची हजेरी अत्यंत कमी आहे, सबब पालकांनी विद्यार्थ्यासह प्राचार्यांना भेटावं. निरोप घेऊन शिपाई आला तेव्हा भाऊसाहेब घरी नव्हते. शिपायाने तो निरोप, दार उघडं दिसलं म्हणून, तळमजल्यावर हेडमास्तरांना मोठ्याने वाचून दाखवला. हेडमास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा.

त्या रात्री इमारतीत जो आनंद पसरला, त्याला तोड नाही. शेठने कित्येक दिवसांनी भाऊसाहेबांना नमस्कार केला. "काय, सासूला बोलावलंय म्हणे शाळेत? काय केलंत? खोड्या?" दुसऱ्या दिवशी साहेबांपर्यंतही ते पोचलं. त्यांनी भाऊसाहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत सगळी हकिगत दोनदा सांगायला लावली. ज्याच्या सासूला प्राचार्य बोलावतात, त्याच्यापासून आपल्या खुर्चीला धोका नाही, हे त्यांना मनोमन पटलं असावं. "अहो, मग गळतीचं दुसरा कोणी बघेल," ते म्हणाले. "तुम्ही आपलं शिकून घ्या! जमलं तर!"

भाऊसाहेब घरी आले ते थेट पलंगावर पडले. "मी काही उद्या येत नाही," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "नाव काढून टाका म्हणावं. गावभर छी-थू झाली माझी."

बायको पलंगाच्या कडेला टेकली. "नाव काढलं तर आईचं फाटकातून जाणंही बंद होईल," ती शांतपणे म्हणाली. "आज दुपारभर बसून वहीला कव्हर शिवत होती ती. कापडाचं. वही अजून कोरी आहे, माहितीय?"

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभे राहिले.

प्राचार्य म्हणजे एक करड्या केसांच्या, नीटनेटक्या बाई होत्या. समोर दोन खुर्च्या. सासूबाई एका खुर्चीत बसल्या. भाऊसाहेब दुसरीकडे सरकले, तशा प्राचार्यबाई म्हणाल्या, "विद्यार्थ्याने उभं राहावं." भाऊसाहेब हात मागे बांधून उभे राहिले. तसे हात शाळेनंतर प्रथमच बांधले गेले होते, पण कसे बांधायचे ते बरोबर आठवलं.

"आजी, तुमचा विद्यार्थी वर्गात येत नाही," प्राचार्यबाई म्हणाल्या. "येतो तेव्हा झोपतो. सर सांगतात, एकदा घोरला. आणि गंमत बघा, फाटकावरच्या नोंदीत तुमची हजेरी एकदाही चुकलेली नाही. मी इतकी वर्षं इथे आहे. पालक रोज हजर आणि विद्यार्थी गैरहजर, असं प्रकरण पहिल्यांदाच बघतेय. नियमाने मला यांचं नाव कमी करावं लागेल."

सासूबाईंचे हात मांडीवरच्या वहीवर घट्ट झाले. त्या म्हणाल्या, "त्यांचा दोष नाही हो. मुळात त्यांना शिकायचंच नव्हतं. शिकायचं मला होतं. मला वर्गात बसायचं होतं, एकदा. तुमच्या नियमात ते बसत नाही, तर नाही. पण त्यांना बोल लावू नका. ते माझ्यासाठी आले." आणि त्या उठायला लागल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

आयुष्यात पहिल्यांदा आपला मान, आपली पदवी, आपला शब्द, सगळं भाऊसाहेबांना पायातल्या खड्यासारखं वाटलं. ते एकदम पुढे झाले.

"मॅडम, आईंना काही माहीत नाही. मी फार वाया गेलेला विद्यार्थी आहे."

"काय?"

"एकटा बसवला तर झोपणार. वही लिहिणार नाही. खिडकीतून बाहेर बघणार. माझ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मला सुधारायचं असेल तर एकच इलाज आहे. माझा पालक माझ्या शेजारी, त्याच बाकावर बसवा. रोज. मी लिहून देतो तसं."

प्राचार्यबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, मग त्या कापडी कव्हराच्या वहीकडे. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते त्यांनी आवरलं. "विद्यार्थी स्वतःहून असं म्हणत असेल तर परिस्थिती गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "शिस्तीचा प्रश्न आहे. त्याला पाटी लागू होत नाही." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिहा. 'मी पालकाशिवाय वर्गात बसण्यास असमर्थ आहे.' सही करा. अक्षर नीट."

भाऊसाहेबांनी लिहिलं. अक्षर अलीकडे सुधारलं होतं.

त्या संध्याकाळी शिपायाने पाटीखालून स्टूल सरकवलं आणि सासूबाई जिना चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या, कठडा धरला, पण भाऊसाहेबांचा हात घेतला नाही. वर्गात शिरल्यावर पोरं सरकून बसली. सासूबाईंनी आधी बाकावरून हात फिरवला, मग बसल्या, मग वही उघडून पहिल्या पानावर वरती तारीख घातली.

सरांनी एक दगड फिरवायला दिला. हातात मावेल एवढा, करडा, मध्ये बारीक रेघा. पोरांनी तो बघितला न बघितला आणि पुढे दिला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. सर बोलत होते. त्यांच्या शब्दांतले अर्धे शब्द भाऊसाहेबांनाही समजत नव्हते, पण आज त्यांना झोप आली नाही. शेजारी पालक बसला होता.

"काही शंका?" सरांनी सवयीने विचारलं आणि सवयीनेच फळा पुसायला वळले.

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

सर वळले. या वर्गात असं पूर्वी कधी झालं नसावं.

"हा दगड व्हायच्या आधी तिथे काय होतं?"

सर हसले. खडू हातात तसाच राहिला. "आजी, काही अंदाज आहेत. पण नक्की काय होतं, ते अजून कोणालाच माहीत नाही. मलाही नाही."

बाहेर पडले तेव्हा फाटकाशी अर्धी इमारत जमली होती. बायको आली होती, हेडमास्तर काठी टेकत आले होते, आणि 'मी आपला सहज इकडून चाललो होतो' असं म्हणत शेठही होते.

"मग काय आजी," शेठने विचारलं, "काय मिळालं आत?"

"एक अक्षर कळलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"बघा!" शेठने हेडमास्तरांकडे विजयाने पाहिलं. "मी काय म्हणत होतो? काही नाही आत!"

"ऐका तर," सासूबाईंचा चेहरा फुलून आला होता. "मला जन्मभर वाटायचं, आत जातात त्या सगळ्यांना सगळं समजतं, आणि आपल्याला समजत नाही म्हणून आपण फाटकाबाहेर. मी कधी कोणाला काही विचारलंच नाही हो. लाज वाटायची. आणि आज ते सर, एवढे शिकलेले, मला म्हणाले, 'मलाही माहीत नाही.' हसत म्हणाले! आणि कोणी त्यांना बाहेर काढलं नाही."

हेडमास्तरांनी तोंड उघडलं आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा तसंच मिटलं. बायको पुढे होऊन आईच्या हातातली पिशवी घेऊ लागली. आईने ती दिली नाही.

"चला जावईबापू, पाय उचला," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन अभ्यासाला बसायचंय. उद्या झोपलात तर दोघांचंही नाव कमी होईल."